छातीवरचा तारा आणि घरातला हिशेब

एकेकाळी हिंदी शिपायाला मिळणारे सर्वांत मोठे शौर्यपदक १९४७ साली बंद झाले. पण ते मिळवणाऱ्यांच्या घरी त्याचे पुढे काय झाले?

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला की काय काय हाती लागते, ते आपल्याला कुणी सांगायला नको! कल्हई उडालेली पातेली, कान तुटलेली परडी, आजेसासूबाईंची नथीची डबी. आणि माहेर किंवा सासर सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड या बाजूचे असेल, तर एखाद्या घरी निघते एक पत्र्याची काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत खाकी पट्टा, घडीवर फाटत चाललेला एखादा इंग्रजी कागद आणि मळक्या फडक्यात बांधलेले दोन-चार बिल्ले.

“पणजोबा लढाईवर होते म्हणे,” एवढेच कुणीतरी सांगते. कुठली लढाई, कुठला मुलूख, कशाबद्दलचा बिल्ला, हे सांगणारे माणूस घरात उरलेले नसते. मग फडके पुन्हा बांधायचे, ट्रंक पुन्हा वर. कधीकधी मात्र तसे होत नाही. “चांदीच आहे, मोडीत घालून जोडवी करून घेऊ,” असा बेत ठरतो आणि चार पिढ्या जपलेली वस्तू सराफाच्या मुशीत वितळून जाते.

म्हणूनच, मैत्रिणींनो, आज पाककृती आणि विणकाम जरा बाजूला ठेवू आणि अशाच एका पदकाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’. ते आता कुणालाही मिळत नाही. पण त्याच्या गोष्टीत लढाई जेवढी आहे, तेवढाच घरखर्च आहे, आणि आपल्यासारख्या बायकांच्या दृष्टीने तर तीच बाजू जास्त पाहण्यासारखी आहे.

सात रुपये पगार, दोन रुपये पाच आणे बक्षीस

हे पदक निघाले १८३७ साली. तेव्हा राणीचे राज्य यायचे होते, कारभार ईस्ट इंडिया कंपनीचा होता. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा कंपनीच्या तीन फौजा. त्यांत लढणारे बहुतेक शिपाई हिंदी, वरचे साहेब गोरे. लढाईत एखाद्या हिंदी शिपायाने जिवावर उदार होऊन काही केले, तर त्याची नोंद कुठे करायची, त्याला द्यायचे काय, याची ठरलेली अशी रीत नव्हती. ती या पदकाने घातली. इंग्रजांचे जगप्रसिद्ध ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ १८५६ साली निघाले. म्हणजे आपल्या शिपायांचा हा तारा त्याच्याहून एकोणीस वर्षांनी मोठा!

ताराच तो. आठ टोकांचा, जेमतेम दीड इंचाचा. मध्ये निळ्या मिन्याचे वर्तुळ, त्यात एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन तलवारी, भोवती पानांची वेल आणि इंग्रजीत अक्षरे, त्यांचा अर्थ ‘शौर्याचे बक्षीस’. फीत मध्ये गडद निळी आणि दोन्ही कडांना तांबडी. ज्याच्या छातीवर तो लागायचा, त्याला ती अक्षरे बहुधा वाचताही येत नसत.

त्याचे तीन वर्ग होते. तिसरा सगळा चांदीचा, दुसऱ्याला सोन्याची वेल, पहिला सबंध सोन्याचा. पण थेट पहिल्या वर्गात उडी नाही हं! आधी तिसरा मिळवायचा. पुन्हा तसाच पराक्रम केला तर दुसरा. आणि तिसऱ्यांदा मृत्यूच्या दाढेतून परत आलात, तर पहिला. गुरखा पलटणीतल्या सुभेदार किशनबीर नगरकोटी यांनी तर चार वेळा हा मान मिळवला. चौथ्या वेळी द्यायला वर्गच शिल्लक राहिला नव्हता. मग त्यांच्यासाठी फितीवर लावायची सोन्याची पट्टी काढावी लागली. असा मान मिळालेले ते एकटेच.

आता येऊ हिशेबावर. या पदकाबरोबर पैसा होता. तिसऱ्या वर्गाला नेहमीच्या पगाराच्या एक तृतीयांश जादा, दुसऱ्याला दोन तृतीयांश जादा आणि पहिल्याला पगाराची दुप्पट. शिपाई निवृत्त होऊन घरी बसला, तरी ही वाढ पेन्शनीबरोबर चालू राहायची.

त्या काळी पायदळातल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. त्याचा तिसरा हिस्सा काढून पाहा, दोन रुपये पाच आणे चार पै. आपल्याला आज हसू येईल. पण त्या सात रुपयांतच शिपायाला स्वतःचे पोट भरावे लागे, आणि कपड्यालत्त्याचाही काही खर्च त्यातूनच कापला जाई. उरले तर चार पैसे घरी. अशा संसारात दर महिन्याला दोन रुपये पाच आणे जास्तीचे येणे म्हणजे काय, हे ज्या बाईने महिनाअखेरीला डब्याच्या तळाची ज्वारी मोजली आहे, तिला समजावून सांगायची गरज नाही. सावकाराचे व्याज फिटायचे, पावसाळ्याआधी घर शाकारून व्हायचे, पोरीच्या लग्नाला हात जरा सैल सोडता यायचा. तारा त्याच्या छातीवर चमकायचा, पण त्याचा उजेड पडायचा तो घरात.

आणि तो गेला की?

नियमात याचेही उत्तर होते. पदकधारी मरण पावला, तर पदकाची ही रक्कम त्याच्या विधवेला तीन वर्षे मिळायची. फक्त तीन वर्षे. पुढे तिने काय करायचे, मुले कशी वाढवायची, याबद्दल नियम गप्प. तरीसुद्धा एक गोष्ट मान्य करायला हवी. बायकांच्या नावाचा सरकारी कागदावर क्वचितच उल्लेख व्हायचा, त्या काळातल्या शौर्यपदकाच्या नियमात शिपायाच्या बायकोची आठवण कुणाला तरी झाली होती! ही तीन वर्षे लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटाकडे ती पुन्हा लागणार आहेत.

एकच दरवाजा, दोन पदके

या पदकाचे पहिले मानकरी अफगाणिस्तानच्या स्वारीत ठरले. २३ जुलै १८३९ च्या पहाटे गझनीच्या किल्ल्याचा काबूल दरवाजा सुरुंगाच्या दारूने उडवायचा होता. बंगालच्या सॅपर्स पलटणीतल्या शिपायांनी दारूची पोती दरवाजापर्यंत नेऊन तो उडवला. त्या पहिल्या मानकऱ्यांत सुभेदार देवीसिंग यांचे नाव आहे.

अठरा वर्षांनी तसाच दुसरा दरवाजा आला, दिल्लीचा काश्मिरी दरवाजा. तारीख १४ सप्टेंबर १८५७. आत स्वातंत्र्यासाठी उठलेले आपलेच लोक, बाहेर इंग्रज आणि त्यांच्या पदरी असलेले, तेही आपलेच लोक. भर उजेडात, वरून गोळ्यांचा मारा चालू असताना दारूची पोती दरवाजाला नेऊन लावायची होती. गोरे अधिकारी आणि हिंदी सॅपर्स बरोबरीने गेले, बरोबरीने पडले. बक्षीस देताना मात्र दोन ताटे मांडली गेली. गोऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, हिंदी शिपायांना ऑर्डर ऑफ मेरिट. दारू तीच, दरवाजा तोच, मरणही तेच. पण हिंदी शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस द्यायचा नाही, असा दंडकच होता.

हा दंडक थोडाथोडका नाही, पंचावन्न वर्षे टिकला. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहांनी तो उठवला आणि व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला. साहजिकच आपल्या ताऱ्याची सर्वांत वरची पायरी काढून टाकण्यात आली. तीन वर्गांचे दोन झाले. १९४४ मध्ये दोनांचा एकच झाला. त्याआधी १९०२ साली नावापुढे ‘इंडियन’ हा शब्द आला, कारण सातव्या एडवर्डने विलायतेत ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचा आणखी एक मान सुरू केला होता आणि दोहोंची गल्लत होऊ लागली असती. थोरल्याने धाकट्यासाठी नाव बदलून घ्यावे, तशातलाच हा प्रकार!

सारागढीची एकवीस घरे

या पदकाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत आहे सारागढीची. ‘केसरी’ हा हिंदी चित्रपट पाहिलेल्यांना ती ठाऊक असेल. १२ सप्टेंबर १८९७. वायव्य सरहद्दीवरच्या समाना डोंगररांगेत, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, लॉकहार्ट आणि गुलिस्तान असे दोन किल्ले होते. एकावरून दुसरा दिसत नसे. म्हणून मध्ये सारागढीचे छोटेसे ठाणे. आरशावर सूर्याचा कवडसा पाडून इकडचा निरोप तिकडे पोचवायचा, हे त्याचे मुख्य काम.

त्या सकाळी हजारोंच्या संख्येने पठाण टोळ्या ठाण्यावर चालून आल्या. आत ३६ व्या शीख पलटणीचे एकवीस जवान, हवालदार ईशरसिंग त्यांचे नायक. मदत पोचणे शक्य नाही, असा निरोप किल्ल्यावरून आला. तरी ते तासन्‌तास लढत राहिले. निरोप पाठवणाऱ्या गुरमुखसिंगाने शेवटी आरसा गुंडाळून ठेवून बंदूक हाती घेण्याची परवानगी मागितली, आणि ती मिळाल्यावरच तो उठला. एकवीसपैकी एकही परतला नाही.

त्या एकवीसही जणांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ मेरिट देण्यात आले. प्रत्येकाच्या घरच्यांना पाचशे रुपये आणि दोन मुरब्बे, म्हणजे पन्नास एकर, जमीन मिळाली. अमृतसर आणि फिरोजपूर येथे त्यांच्या स्मरणार्थ गुरुद्वारे उभे राहिले.

पराक्रमाच्या गोष्टी इथे संपतात. पण आपण जरा पुढे जाऊन विचार करू. एकवीस घरी एकाच वेळी निरोप गेला असेल. पन्नास एकर जमीन म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण ती कसायची कुणी? बैलजोडी कुणी धरायची? पाटाच्या पाण्यासाठी भावकीशी कुणी भांडायचे? ते तिनेच केले असणार. त्या एकवीस नावांच्या पाट्या आज वाचायला मिळतात. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांच्या नावांची पाटी कुठे दिसत नाही.

आपल्याकडच्या पलटणी

महाराष्ट्राचा या पदकाशी संबंध काय, असे कुणी विचारील. मुंबईच्या फौजेत कोकण आणि देशावरचे मराठे शिपाई सुरुवातीपासून होते. पुढे त्यांच्या पलटणींची नावे पहिल्या महायुद्धात गाजली ती इराकात. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. आपल्याकडच्या घराघरांत मात्र ते ‘बसऱ्याची लढाई’ म्हणूनच ऐकायला मिळते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण सहाव्या ‘पुणे डिव्हिजन’मध्ये होती. कूट-अल-अमारा इथे या डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला, तो डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. जवळजवळ पाच महिने! दाणागोटा संपत आला, घोडे कापून खायची पाळी आली, आणि अखेर शरणागती पत्करावी लागली. पकडलेल्यांतले कितीतरी जण कैदेतच मेले. पुढे ऑक्टोबर १९१८ मध्ये शर्कतच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने एकाच लढाईत २८ शौर्यपदके मिळवली.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. गावात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. एका गावातून शेहेचाळीस! कुठल्या आळीत त्या वर्षी संक्रांतीचे हळदीकुंकू झाले असेल, आणि कुठल्या आळीत कुणाला बोलवायचे हाच प्रश्न पडला असेल!

दुसऱ्या महायुद्धात रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळचे यशवंत घाडगे (१९४४) आणि संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव (१९४५) यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. घाडगे यांचा तर त्याच लढाईत अंत झाला. तोवर दंडक उठलेला होता, म्हणून हा मान त्यांना मिळू शकला. १९११ च्या आधी त्यांनी हाच पराक्रम केला असता, तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते.

“पण हे तर साहेबाचे बक्षीस!”

वाचताना तुमच्या मनात हे आले असेल, आणि यावे हेच बरोबर. ज्यांनी आपल्याला गुलामीत ठेवले, त्यांच्यासाठी लढून मिळवलेला बिल्ला. त्याचे कसले कौतुक? १८५७ मध्ये तर आपल्याच माणसांवर चालून जाण्याबद्दल तो दिला गेला. हे झाकून ठेवायचे काही कारण नाही. मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा हेही सांगा.

पण त्या शिपायाच्या घरचीही बाजू पाहायला हवी. पावसाच्या भरवशावरची शेती, चार भावांत वाटलेला तुकडा, दुष्काळाचा फेरा. अशा वेळी पलटणीतली भरती म्हणजे ठरलेला पगार. १८८० पासून तर मनीऑर्डरही सुरू झाली होती. पोस्टमन दारात आला की घरात चूल पेटायची. साम्राज्य कुणाचे वाढते आहे, हा प्रश्न विचारण्याची उसंत त्या घराला कुठे होती? तो माणूस गेला तो पोटासाठी. आणि तिथे गेल्यावर जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन गोळ्यांच्या वर्षावातून परत आला, ते कुठल्या राजासाठी खास नसेल. सोबती होता, म्हणून.

राज्य वाईट असू शकते आणि त्याच्या चाकरीतल्या माणसाचे धैर्य खरे असू शकते. या दोन्ही गोष्टी एका फडक्यात बांधून ठेवता येतात. आपण घरोघरी यापेक्षा अवघड गोष्टी एका छपराखाली नांदवतो, नाही का?

१९४७ : तारा बंद, चक्र सुरू

स्वातंत्र्य आले आणि ब्रिटिश पदकांचा आपल्या सैन्याशी संबंध संपला. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट एकशेदहा वर्षांनी बंद झाले. १९०७ साली निघालेले ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ही त्याच्याबरोबर गेले. पण काश्मिरात लढाई पेटलेली होती, जवान पराक्रम गाजवत होते. मग त्यांना द्यायचे काय?

हे काम सोपवले गेले एका मराठी घरच्या सुनेकडे! त्यांचे नाव सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधला, माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन. वडील हंगेरीचे, आई रशियन. हिंदी सैन्यातले तरुण अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी १९३२ मध्ये लखनौला त्यांचे लग्न झाले आणि ईव्हची सावित्री झाली. नऊवारी-पाचवारीपासून पुराणांपर्यंत सगळे त्यांनी असे आपलेसे केले की, पुढे महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. परदेशची सून म्हटल्यावर नाके मुरडणाऱ्यांनी जरा ऐकून ठेवावे!

मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या पदकांचा आराखडा करण्याची विनंती त्यांना केली. सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना शस्त्र हवे होते. दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडले. दुसऱ्यासाठी स्वतःची हाडे देणारा तो! परमवीर चक्रावर तेच वज्र चार दिशांना चार वेळा कोरलेले आहे, मध्ये राजमुद्रा आणि मागच्या बाजूला कमळे. धातू साधे ब्राँझ, फीत जांभळी.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर चक्रे जाहीर झाली, आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे ते पडले. दैवयोग असा की, सोमनाथ हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. ज्या हाताने पदक रेखले, त्याच हाताच्या आप्तांत ते पहिल्यांदा आले, आणि तेही असे!

पुढे १९५२ मध्ये सावित्रीबाईंचे पती गेले. उरलेले आयुष्य त्यांनी अध्यात्मात आणि सेवेत घालवले. १९९० साली त्या निवर्तल्या.

आता त्या तीन वर्षांची गोष्ट

मघाशी म्हटले होते ना, तीन वर्षे लक्षात ठेवा म्हणून? १८३७ मध्ये पदकधाऱ्याच्या विधवेला तीन वर्षे. स्वतंत्र भारतात हा काळ वाढला. शौर्यपदकाबरोबरचा मासिक भत्ता जवानामागे त्याच्या पत्नीला मिळत राहू लागला. पण त्याला एक अट होती. तिने पुन्हा लग्न केले की भत्ता बंद. पुढे यात सवलत दिली गेली, ती कशी, तर लग्न मृत पतीच्या भावाशी केले असेल तरच भत्ता चालू राहील!

वाचून थबकलात ना? वीस-बावीस वर्षांची पोर, पदरात मूल. पुन्हा संसार मांडावासा वाटला, तर एक तर दिराशी, नाही तर नवऱ्याच्या शौर्याच्या भत्त्यावर पाणी सोडायचे. जणू त्याचा पराक्रम तिने नव्या कुंकवाने पुसून टाकला! याविरुद्ध अर्ज-विनंत्या होत राहिल्या. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता पुनर्विवाह कुणाशीही केला, तरी शौर्यपदकाचा भत्ता तिला तहहयात मिळतो.

१८३७ ते २०१७. मोजा, एकशेऐंशी वर्षे लागली. तुमच्या ओळखीत, नात्यात, वाड्यात अशी कुणी वीरपत्नी असेल, आणि जुन्या अटीच्या भीतीने ती किंवा तिच्या घरचे गप्प असतील, तर त्यांना हे जरूर सांगा. अधिक माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. तिथे मुलाला किंवा दिराला पाठवण्यापेक्षा तिला घेऊन स्वतःच जा. कागदपत्रे तिची, सही तिची, मग प्रश्नही तिनेच विचारावेत.

ट्रंक उघडलीत तर

आता आपल्या नेहमीच्या कामाच्या गोष्टी. माळ्यावरच्या ट्रंकेत बिल्ले सापडले, तर काय करावे आणि काय करू नये?

आधी ओळखा. सगळीच पदके शौर्याची नसतात. पहिल्या महायुद्धातले चांदीचे गोल पदक, ज्याच्या फितीत मध्ये नारिंगी पट्टा असतो, ते आणि इंद्रधनुष्यी फितीचे ब्राँझचे पदक ही त्या लढाईत भाग घेतल्याबद्दलची आहेत. ती लाखोंनी वाटली गेली. म्हणून ती कमी मोलाची नव्हेत. त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन वाचा. आठ टोकांचा, निळ्या मिन्याचा तारा असेल, तर ते ऑर्डर ऑफ मेरिट. त्याच्या मागे वर्ग कोरलेला असतो, नाव असेलच असे नाही. चांदीचे गोल पदक आणि फीत मध्ये तांबडी, कडांना गडद निळी असेल, तर ते डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. तेही शौर्याचेच.

घासू नका! हे सर्वांत महत्त्वाचे. चांदी काळी दिसली की आपला हात चिंच, राख, रांगोळी किंवा दातांच्या पावडरीकडे जातो. देवाच्या उपकरणांना ते चालते, इथे नाही. घासण्याने कोरीव अक्षरे झिजतात आणि मिना उडतो. सोड्याच्या गरम पाण्यातही टाकू नका. मऊ, कोरड्या सुती फडक्याने धूळ टिपून घ्या, तेवढे पुरे.

फीत धुऊ नका आणि विरली म्हणून टाकूनही देऊ नका. पदक ओळखायला फितीच्या रंगाचाच पुष्कळदा आधार होतो.

वर्तमानपत्रात किंवा लोकरीच्या कपड्यात गुंडाळून ठेवू नका, रबरबँड तर मुळीच लावू नका. त्यांनी चांदी लवकर काळी पडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या जुन्या मलमलीत प्रत्येक पदक वेगवेगळे गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.

कागदपत्रांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. सपाट ठेवा. मोबाईलवर पदकांचे पुढून-मागून आणि कागदांचे स्वच्छ फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा.

विकण्याची घाई नको. जुन्या पदकांचे शौकीन देशोदेशी आहेत, आणि वजनावर चांदी घेणारे दारात येतात, त्यांना ते पक्के ठाऊक असते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खाजगी रीतीने परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या. घरात सांभाळणे जमत नसेल, तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात संग्रहालय आहे, तिथे विचारून पाहा.

आणि शेवटचे काम. एक साधी वही घ्या. घरात जे कुणी सर्वांत वयस्क असेल, त्यांच्याजवळ दुपारच्या निवांत वेळी बसा आणि विचारा. ते कोणत्या साली गेले, परत आले की नाही, पेन्शन किती येई, ती घ्यायला कुठे जावे लागे. विचारताना एक प्रश्न विसरू नका, त्यांच्या पत्नीचे नाव काय होते? माहेर कुठले? मागे राहून तिने घर कसे चालवले? पदकाच्या कडेवर त्याचे नाव कुणीतरी कोरून ठेवले आहे. तिचे नाव निदान वहीत तरी लिहा, आणि ती वही त्याच ट्रंकेत पदकांशेजारी ठेवा.